गिरणी जमिनी व गिरणी कामगारांची घरे

मुंबईतील लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी, शिवडी, भायखळा, दादर या पट्ट्यात, म्हणजे गिरणगावात, बंद पडलेल्या कापड गिरण्यांची आवारे. एकूण क्षेत्र सुमारे ६०० एकर. दक्षिण आणि मध्य मुंबईत पुनर्विकासाला खुली होणारी एवढी जागा क्वचितच मिळते. त्यामुळे आलिशान मनोरे कोणासाठी आणि साधी घरे कुठे, हा वाद महाराष्ट्रात सर्वांत लांबला तो या जमिनींवर. परवडणाऱ्या घरांचा प्रश्न पुण्यात आहे, ठाण्यात आहे, छत्रपती संभाजीनगरातही आहे. पण तिथे तो बाजारभावाच्या धुक्यात हरवतो. गिरणगावात एकाच कुंपणाच्या आत मालकाचा वाटा किती, शहराचा किती आणि कामगाराचा किती, हे कागदावर मांडता येते.

पूर्वपीठिका : कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला मुंबईतील पहिली कापड गिरणी काढली. पुढच्या काळात कोकण, सातारा आणि घाटावरच्या गावांतून माणसे येत गेली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तिथला ओघ तुलनेने कमी होता. कामगार चाळींत राहत. दहा बाय बाराच्या खोलीत एकाच गावचे दहा-बारा जण, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपणारे, आणि जेवण खानावळवाल्या बाईकडे. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या २०७ बीडीडी चाळींमधल्या खोल्या १६० चौरस फुटांच्या. गिरणीला कामगार हवे होते आणि ते चालत येण्याच्या अंतरावर हवे होते, म्हणून घर आणि काम जवळजवळ राहिले. ही सोय कामगारावरच्या मायेपोटी झालेली नव्हती, पण सोय होती.

१९८२ चा संप : १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ आणि बोनस या मागण्या होत्याच. त्याखेरीज राष्ट्रीय मिल मजदूर संघ या एकाच संघटनेला मान्यता देणारा १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द व्हावा, हीही मागणी होती. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. कापड भिवंडी, इचलकरंजी, मालेगावच्या यंत्रमागांकडे आधीच सरकत होते, आता ते पुरते सरकले. मालकांच्या ताळेबंदात सांच्यापेक्षा सांचा ज्या फरशीवर उभा होता ती फरशी मोलाची ठरली. १९९४ मध्ये खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांचा आणि १९९७ मध्ये दत्ता सामंत यांचा खून झाला. गिरण्यांच्या जमिनीभोवती कोणती वर्दळ सुरू झाली होती याची कल्पना त्यावरून येते.

नियम ५८ : १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ वा नियम हा या नोंदीचा गाभा आहे. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा तर तिचे ढोबळमानाने तीन वाटे करायचे : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला) सार्वजनिक घरांसाठी, एक मालकाला. भूखंड जितका मोठा तितका मालकाचा वाटा कमी. नियम चांगला होता, पण मालकांना घाई नव्हती. जुन्या शेडमध्येच दुकाने, कार्यालये, फिनिक्स मिलमध्ये तर बोलिंगचे दालन, अशी वापरबदलाची वाट निघाली. कमला मिलच्या आवारात डिसेंबर २०१७ मध्ये गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण गेले, ती या वाटेचीच पुढची कडी. त्याच्या बऱ्याच आधी, १९९६ मध्ये, सरकारने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. सुट्या सुट्या गिरण्यांचा विचार न करता परळच्या जमिनी एकत्र धरून रस्ते, मैदाने, घरे आखावीत, असा त्याचा रोख होता. अहवाल आला आणि तिथेच राहिला.

२००१ मध्ये विलासराव देशमुख सरकारने नियम ५८ बदलला. वाटणी आता सगळ्या जमिनीची नव्हती, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची. गिरणी म्हणजे शेड, गोदामे, बॉयलर, चिमणी. मोकळी जागा उरते किती? म्हाडा आणि महापालिका यांचे हिस्से एका सुधारणेसरशी आटले. मनोरे उभे राहायला अजून काही वर्षे होती, पण कोण कुठे राहणार हे या सुधारणेने ठरवले. पुढचे सारे त्याचे बांधकाम होते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपने जनहित याचिका केली. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवून २००१ ची सुधारणा कायम केली.

विक्री आणि मनोरे : खटला चालू असतानाच २००५ मध्ये केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने ज्युपिटर, अपोलो, एल्फिन्स्टन, मुंबई टेक्स्टाइल आणि कोहिनूर क्र. ३ या गिरण्यांच्या जमिनी विकल्या. शिवसेना भवनासमोरची कोहिनूर ४२१ कोटींना गेली. मुंबई टेक्स्टाइलचे उदाहरण जास्त बोलके आहे. सुमारे १७ एकरांची ही जमीन डीएलएफने ७०२ कोटींना घेतली आणि २०१२ मध्ये लोढा समूहाला २,७२७ कोटींना विकली. सात वर्षांत जवळपास चौपट भाव, आणि तोवर तिथे एकही कुटुंब राहायला आलेले नव्हते. फ्लॅट महाग का, याचे उत्तर संगमरवरात आणि तरणतलावात शोधले जाते. त्यातले बरेचसे जमिनीच्या या मधल्या खरेदीविक्रीत सापडते.

श्रीनिवास मिलच्या जागेवर लोढा समूहाने ११७ मजल्यांचा, ४४२ मीटर उंचीचा ‘वर्ल्ड वन’ जाहीर केला. विमानतळ प्राधिकरणाची उंचीची परवानगी न मिळाल्याने तो २८० मीटरवर थांबला. त्याच गिरणीच्या म्हाडाकडे आलेल्या हिश्श्यात कामगारांसाठी ५४४ घरे झाली.

कामगारांची घरे : १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेला कामगार किंवा त्याचा वारस अर्जाला पात्र. म्हाडाच्या वाट्याला जे बांधकाम आले, त्यातलाही एक तृतीयांश भाग संक्रमण गाळ्यांसाठी (तात्पुरत्या हलवलेल्या रहिवाशांसाठी). उरलेल्या घरांची सोडत निघते. जून २०१२ मध्ये ६,९२५, मे २०१६ मध्ये २,६३४, २०१६ च्या अखेरीस पनवेलजवळच्या कोन येथे २,४१७ आणि मार्च २०२० मध्ये बॉम्बे डाईंग व श्रीनिवास मिलमधील ३,८९४. बेरीज १५,८७०. अर्ज सुमारे पावणेदोन लाख. किंमत २०१२ मध्ये साडेसात लाख, पुढे मुंबईतल्या घरांना साडेनऊ लाख. बाजारभावाच्या मानाने ही किंमत नगण्य, हे खरेच. तरी पेन्शन नसलेल्या माणसाला ती एकरकमी उभी करणे सोपे नाही आणि अनेकांना बँकेच्या दारात जावे लागले.

पात्रतेसाठी लागणारे कागद हा वेगळाच अध्याय. तिकीट नंबर, हजेरीपत्रक, सर्व्हिसचा दाखला, ईएसआयचा नंबर, भविष्य निर्वाह निधीचा हिशेब, ‘लाल पास’. यांतले काही तरी दाखवायचे. संप विरल्यावर माणूस गावी परतलेला, पत्र्याच्या पेटीतले कागद घुशींनी खाल्लेले किंवा भावकीच्या वाटणीत कोणाकडे गेले ते माहीत नाही, गिरणीचे कार्यालय तर जमीनदोस्त. चाळीस वर्षांपूर्वी आपण रोज सकाळी कुठे जात होतो हे सिद्ध करायचे काम सत्तरीतल्या माणसावर किंवा त्याच्या विधवेवर येते.

कामगारांना मुंबईत मिळालेल्या घरांचे चटई क्षेत्र २२५ चौरस फूट. तुलनेसाठी जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यातील, धुळे-सोलापूर महामार्गावरचे वडीगोद्री घेऊ. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण नियमांप्रमाणे तिथल्या घरकुलाचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, आणि त्यासाठी शासनाचे मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये. क्षेत्र मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, गावात जागा आपली असते आणि दाराबाहेर अंगण असते. तरीही गावात किमान म्हणून जे मोजमाप ठरवले त्याहून लहान घर शहरातल्या कामगाराला सोडतीत नशीब उघडले तर मिळते, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे.

वाद : विकासकांच्या बाजूने दोन मुद्दे नेहमी येतात. महाग घरांच्या अधिमूल्यातून महापालिका आणि सरकारची तिजोरी भरते, आणि कोणत्याही प्रकारची घरे वाढली की एकूण टंचाई हलकी होते. पहिला मुद्दा आकड्यांनी पटवता येतो. दुसरा गिरणगावात लटका पडतो. श्रीमंत माणूस नव्या मनोऱ्यात गेला आणि त्याचे जुने घर मध्यमवर्गीयाला मिळाले, तर ती साखळी खाली पोचेल. पण घर गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावले तर साखळी पहिल्याच कडीला अडते. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी आढळली. शिवाय इथे प्रश्न घरांच्या संख्येपेक्षा राखीव जमिनीचा होता, आणि एकदा गेलेली जमीन बाजार परत देत नाही.

एकाच प्रकल्पात दोन थरांची घरे ठेवण्याचा उपाय इतरत्रही वादग्रस्त ठरला आहे. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये २०१४ च्या सुमारास स्वस्त घरांच्या रहिवाशांना वेगळे प्रवेशद्वार ठेवल्यावरून गदारोळ झाला. महाराष्ट्रात २०१३ पासून दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत ४,००० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांवर २० टक्के घरे दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवण्याची तरतूद आली. तीही मालकाच्या ताब्यातल्या जमिनीवर. गिरणगावात जमिनीचाच वाटा काढण्याचा नियम आधी होता, ही तुलना विसरली जाते.

साहित्य आणि चित्रपटांत हा बदल जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकात आणि त्यावर आधारलेल्या महेश मांजरेकर यांच्या ‘लालबाग परळ’ (२०१०) चित्रपटात आला आहे.

सद्यःस्थिती : मुंबईत जागा नाही, असे सांगत १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने शेलू आणि वांगणी येथे सुमारे ८१ हजार घरे देण्याचे ठरले. ही स्थानके कर्जतच्या लोकलवर बदलापूरच्याही पुढे. दादरहून सव्वा ते दीड तास. ही घरे नाकारणाऱ्यांचा हक्क संपेल, असे निर्णयातले १७ वे कलम होते. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर कामगार आणि वारसांनी मोर्चा काढल्यावर ते रद्द करण्याचे सरकारने मान्य केले. मुंबईतच घर हवे ही संघटनांची मागणी कायम आहे, आणि त्यासाठी त्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या अजून न विकलेल्या गिरण्यांकडे बोट दाखवतात.