तळ्यातले शीड

शिडाच्या होडीचे नाव निघाले, की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे कोकणचा किनारा उभा राहतो, आणि ते स्वाभाविकच आहे. कोळी, भंडारी, गाबीत, खारवी यांच्या घरांतून ही विद्या पिढ्यान् पिढ्या चालत आली. पहाटे भुईवरून समुद्राकडे वाहणाऱ्या मतलई वाऱ्यावर मचवा बाहेर काढावयाचा आणि दिवस चढल्यावर खाऱ्या वाऱ्याने तो घरी आणावयाचा, हा धडा तेथल्या मुलाला कोणी फळ्यावर लिहून दिला नाही. बापाच्या शेजारी बसून तो शिकला. परंतु ज्याच्या घरी मचवा नाही, जो वऱ्हाडात किंवा माळव्यात वाढला, त्याने शीड धरावयास कोठे शिकावे? या प्रश्नाचे उत्तर आपल्या देशात बव्हंशी तळ्यांनी दिले. मात्र त्याला पुष्कळ काळ जावा लागला.

हौशी नौकानयन येथे आले ते इंग्रजांबरोबर. मुंबईचा यॉट क्लब १८४६ साली निघाला आणि १८७६ मध्ये त्याला ‘रॉयल’ हे बिरुद मिळाले. त्याची दारे हिंदी माणसाला दीर्घकाळ बंद होती. ज्या बंदरात कोकणी खलाशी रोज शीड चढवीत होता, त्याच बंदरात शिडाचा खेळ मात्र त्याचा नव्हता. अपोलो बंदरावरील या क्लबाची जुनी इमारत स्वातंत्र्यानंतर अणुऊर्जा खात्याकडे गेली. काळाचा हा विनोद त्या साहेबांना कितपत रुचला असता, कोण जाणे!

हे साहेब उन्हाळ्यात डोंगरावर जात, आणि जाताना आपली हौसही बरोबर नेत. नैनीतालचा यॉट क्लब १९१० सालचा. समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर, जेमतेम दीड किलोमीटर लांबीच्या त्या तळ्यात लिंटन होप या इंग्रज कारागिराच्या आराखड्याच्या होड्या शर्यतीत उतरू लागल्या. समुद्रावर वाढलेल्या नावाड्याला हे पोरखेळ वाटावे. पण चहूकडून डोंगरांनी वेढलेल्या पाण्यावर वारा सरळ वाहत नाही. तो एका घळीतून येतो, दुसऱ्या कड्यावर आपटून मागे फिरतो, मध्येच पडतो आणि पुन्हा भलत्याच अंगाने उठतो. पाण्यावरची काळसर लहर पाहून तो कोठून येणार हे क्षणभर आधी ओळखावे लागते. अशा तळ्यात ज्याचा हात बसला, त्याला समुद्राचा एकमार्गी वारा जड जाऊ नये, असे माझे मत आहे.

नवशिक्याला तळे बरे, याची इतर कारणे अधिक साधी आहेत. तेथे भरती-ओहोटी नाही. मुंबईच्या बंदरात अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी चार-पाच मीटर चढते आणि उतरते. त्या ओढीत सापडलेली हलकी होडी वारा नसेल तर कोठच्या कोठे जाते. तळ्याचा काठ सर्व बाजूंनी जवळ असतो. वाऱ्याच्या तोंडावर कोणतीही शिडाची होडी सरळ जात नाही. वाऱ्याशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून आधी एका अंगाने आणि मग दुसऱ्या अंगाने, असे नागमोडी जावे लागते. प्रत्येक वळणावर शीड डोक्यावरून पलीकडे जाते. बसणारानेही वेळीच बाजू बदलावयाची असते. ती चुकली, की होडी आडवी होते. मग तळाखाली बाहेर आलेल्या फळीवर उभे राहून ती पुन्हा सरळ करावयाची. हे उलटणे अभ्यासक्रमातलेच आहे. अंगावर तरंगते जाकीट मात्र हवेच.

ऋतूंचीही येथे मौज आहे. पावसाळा लागला, की कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारतात, त्या नारळी पौर्णिमेपर्यंत. हैदराबादच्या हुसेनसागरावर, कुतुबशाहीत सोळाव्या शतकात बांधलेल्या त्या तळ्यावर, शर्यतींचा मोसम नेमका जुलै महिन्यात भरतो. जो नैर्ऋत्य वारा किनाऱ्यावर काळ होतो, तोच दख्खनच्या पठारावर शिडाला हवा तेवढा मिळतो.

स्वातंत्र्यानंतर हा खेळ क्लबांच्या बाहेर काढला तो मुख्यतः सैन्यदलांनी. देशाची यॉटिंग संघटना १९६० साली स्थापन झाली. १९८२ च्या आशियाई खेळांतील शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल होड्यांच्या वर्गात सुवर्णपदक मिळविले. सेनेच्या अभियंत्यांची ‘तृष्णा’ १९८५ ते १९८७ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. तरीही सामान्य घरातील मुलाला वाट मोकळी झाली ती आणखी नंतर, आणि भोपाळसारख्या ठिकाणी. तेथील मोठ्या तलावाचे कर्तृत्व परंपरेने अकराव्या शतकातील राजा भोजाकडे जाते. या तलावावर शिकलेल्या हर्षिता तोमर हिने २०१८ च्या आशियाई खेळांत कांस्यपदक आणले. २०२३ मध्ये चीनच्या किनाऱ्यावर रौप्यपदक मिळविणारी नेहा ठाकूर देवास जिल्ह्यातील शेतकऱ्याची मुलगी. तिच्या गावापासून कोणताही समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे.

इकडे माळव्यातील मुले शीड धरू लागली, तोवर कोकणात ते उतरले होते. १९५० नंतर मासेमारीच्या होड्यांवर इंजिने बसू लागली. इंजिनाने कष्ट वाचविले, जीव वाचविले, मासळी वेळेवर बाजारात पोहोचविली. त्याला नावे ठेवण्याचा अधिकार किनाऱ्यावर उभे राहून पाहणाऱ्यास नाही. पण बापाच्या शेजारी बसून वारा शिकण्याची जी शाळा होती, ती त्या इंजिनाबरोबर मिटत गेली. डोलकाठीच्या जागी आता बहुतेक ठिकाणी बिनतारी यंत्राची काठी दिसते, आणि मतलई वारा मात्र पहाटे पूर्वीसारखाच सुटतो.