ओवीतून घरात आलेला ख्रिस्त

गेवराई तालुक्यातलं तलवाडा म्हटलं की त्वरितादेवी. या गावाच्या निमित्ताने ख्रिस्ती धर्माचा विषय निघावा, असं वरवर तरी काही नाही. पण जरा नकाशा पुढ्यात घ्या. एका अंगाला एकनाथांचं पैठण, दुसऱ्या अंगाला मुकुंदराज-दासोपंतांची आंबाजोगाई, पश्चिमेला नगर, उत्तरेला जालना. मराठी घरांना येशूची ओळख कशी झाली याचा माग काढू लागलं की हाच मुलूख पुन्हापुन्हा आडवा येतो. कारण ती ओळख हातात ग्रंथ पडून झाली नाही. ती कानाने झाली, ओवीतून झाली, आणि ओवीला थोरवी आली ती याच मुलखात.

माग मात्र आधी गोव्यात जातो. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री 1579 साली गोव्यात उतरला तो कायमचाच. त्याचं बहुतेक आयुष्य गोव्यातल्याच साष्टी तालुक्यात गेलं. साष्टीची देवळं त्याआधीच पोर्तुगिजांनी पाडली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी होती. त्याच्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक प्रसंग आहे. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मुलांना धर्माचे पाठ देणं चाललंय. तिथे एक नवख्रिस्ती गृहस्थ पाद्रीगुरूला विचारतो: आमची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं पुराण का देत नाही? मला हा प्रश्न सगळ्या ग्रंथाहून मोठा वाटतो. नुसत्या शिकवणीने घर भरत नाही, संध्याकाळी सगळ्यांनी बसून ऐकायला कथा लागते, ही त्याची तक्रार होती आणि ती रास्त होती. तिच्यामागची सक्ती विसरून ग्रंथाचं नुसतं कौतुक करणं मात्र अप्रामाणिकपणाचं होईल.

उत्तरादाखल स्टीफन्सने साडेदहा हजारांहून अधिक ओव्या लिहिल्या. पहिल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती, आदाम-एवा आणि पुढे येणाऱ्या तारणाऱ्याची वाट पाहणारे संदेष्टे. दुसऱ्यात येशूचा जन्म, चमत्कार, क्रूस आणि पुनरुत्थान. म्हणजे जुना करार आणि नवा करार, दोन्ही ओवीत. 1616 साली ग्रंथ छापला गेला तो रोमन लिपीत. देवनागरीचे खिळे तिथे नव्हते. मुलांसाठी त्याने कोकणीत प्रश्नोत्तरांचं वेगळं पुस्तक केलं होतं. ते त्याच्या मृत्यूनंतर, 1622 मध्ये साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. लेकरांना प्रश्नोत्तरं, थोरांना पुराण, अशी ही वाटणी. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवरच घाव घातला. तरी मंगळूरकडच्या घरांतून पुराणाच्या हस्तलिखित प्रती टिकल्या आणि त्यांच्या आधारे 1907 साली ते पुन्हा छापता आलं.

देशावरची गोष्ट निराळी. 1813 साली मुंबईत उतरून पुढे नगरकडे आलेल्या अमेरिकन मिशनचा भर वाचनावर: प्रत्येकाने बायबल स्वतः वाचावं. संपूर्ण मराठी बायबल 1847 साली तयार झालं. जुन्या कराराची 39 पुस्तकं, नव्याची 27. जालन्याजवळ धर्मप्रचारक नारायण शेषाद्रींनी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभी केली. पण नगर-जालन्याच्या खेड्यांतून या धर्माकडे वळली ती बहुतेक महार-मांगांची घरं. ज्यांना शाळेच्या ओट्यावर चढू दिलं नव्हतं, त्यांनी पुस्तक वाचायचं कसं? तेव्हा नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन उभं केलं. कृष्णराव सांगळ्यांसारखे कवी-कीर्तनकार टाळ-मृदंगाच्या साथीने येशूचं आख्यान लावू लागले. उधळ्या पुत्राची गोष्ट आणि प्रभूची प्रार्थना अशा रीतीने अक्षरओळख नसलेल्यांच्याही तोंडी बसू शकली.

कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं. दहा-साडेदहा अध्याय झाले आणि 1919 मध्ये ते गेले. पुढचे बहुतेक सगळे अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले आणि शेवट मुलगा देवदत्त यांनी केला. ज्या बाईंना नवऱ्याच्या धर्मांतराने घरदार उन्मळल्यासारखं झालं होतं, ज्यांचं सोवळं सुटायला वर्षं लागली, त्यांच्याच हातून येशूचं चरित्र ओवीत उतरलं. तीन माणसांच्या एका घराने एक ग्रंथ पुरा करावा, हे आपल्याकडे तरी विरळाच.

केडगावला पंडिता रमाबाईंनी उलट टोक धरलं. ओवी नाही, कीर्तन नाही. साध्या बाईला कळेल असं सोपं बायबल. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, त्यांच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात आश्रमातल्या बायकाच खिळे जुळवत. 1922 च्या एप्रिलमध्ये, काम संपतासंपताच, रमाबाई गेल्या. विद्वत्तेच्या दृष्टीने हे काम टिळकांच्या ग्रंथाहून कठीण. घरोघर मात्र गाणंच पोचलं; टिळकांची भजनं आजही मराठी चर्चमधून म्हटली जातात.

‘ख्रिस्तपुराण’ 1956 साली शांताराम बंडेलूंनी देवनागरीत आणलं. ग्रंथालयात सापडलं तर दुसऱ्या पुराणापासून सुरू करा, आणि घरातल्या कुणाला तरी समोर बसवून मोठ्याने वाचा.