अकरा तास आणि एक हजार तास

काही दिवसांपूर्वी एका शिक्षक-शिबिरात आम्ही चिकटद्रव्यांविषयी बोलत होतो. आमचे रोजचे काम बहुवारिकांचे, म्हणजे पॉलिमरचे, त्यामुळे लाकूड, काच, पत्रा अशी नेहमीची उदाहरणे घेऊन चालले होते. व्याख्यान संपल्यावर एका बाईंनी विचारले, “माझ्या आईच्या दाढेत चांदी भरली तेव्हा अर्धी दाढ कोरून काढली होती. परवा माझ्या मुलाची दाढ किडली, तर डॉक्टरांनी तांदळाच्या दाण्याएवढेच कोरले आणि दाताच्या रंगाचे काहीतरी भरले. कीड तर तेवढीच होती. मग हा फरक कशामुळे?”

आम्ही तिथे थोडक्यात उत्तर दिले, ‘चांदी दाताला चिकटत नाही, नवे भरण चिकटते.’ उत्तर बरोबर असले तरी अपुरे होते. दाताला काही चिकटवणे किती कठीण आहे, आणि ते साधायला किती वर्षे लागली, हे त्यात येत नव्हते. म्हणून हा लेख.

संक्रांतीची चिक्की दातांना चिकटते, हे खरे. पण दहा मिनिटांत ती लाळेत विरघळते. आपल्याला चिकटवायचा आहे तो पदार्थ वर्षानुवर्षे जागेवर राहायला हवा. तोंडात तर सदैव ओल, वर चावण्याचा भार, आणि गरम चहामागून थंड पाणी. शिवाय दाताच्या पृष्ठभागावर लाळेतल्या प्रथिनांचा एक पातळ थर कायम बसलेला असतो. कोणत्याही चिकटद्रव्याच्या डब्यावर ‘पृष्ठभाग स्वच्छ व कोरडा करून घ्यावा’ अशी सूचना असते. तोंडात हे दोन्ही अवघड.

जुन्या दंतवैद्यांनी म्हणूनच चिकटवण्याचा नाद सोडून दिला होता. ज्याला आपण ‘चांदी’ म्हणतो ते चांदी, कथील आणि तांबे यांच्या भुकटीचे पाऱ्याशी केलेले मिश्रण. वजनाने सुमारे निम्मा पाराच. हे मिश्रण दाताला चिकटत नाही, नुसते खळग्यात अडकून बसते. अडकायचे तर खळगा तसा हवा. तोंड अरुंद आणि पोट मोठे, रांजणासारखा. शिवाय चांदी ठिसूळ असल्याने तिचा थर जाड ठेवावा लागे, म्हणजे खोलीही हवी. अमेरिकेतील जी. व्ही. ब्लॅक यांनी या कोरण्याचे शास्त्रच तयार केले. त्यांचा मोठा ग्रंथ १९०८ साली प्रसिद्ध झाला. कीड पुढे पसरू नये म्हणून शेजारच्या निरोगी चिरांपर्यंत खळगा वाढवावा, असेही ते सांगत. त्या काळातील साहित्याचा विचार करता हे म्हणणे चुकीचे नव्हते. पण त्याची किंमत निरोगी दाताने मोजली जाई, आणि दात काही पुन्हा उगवत नाही. आईच्या अर्ध्या दाढेचा हिशोब असा आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अ‍ॅक्रिलिक प्लास्टिक आले. दाताच्या रंगाचे, खळग्यातच घट्ट होणारे. दंतवैद्य हरखले. पण हे प्लास्टिक घट्ट होताना आकसे, आणि तापमान बदलले की दातापेक्षा सात-आठ पटींनी प्रसरण-आकुंचन पावे. कडेला बारीक फट पडे, फटीतून लाळ आणि जंतू आत जात, आणि वरून सुंदर दिसणाऱ्या भरणाखाली दात किडत राही.

या पार्श्वभूमीवर १९५५ साली न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील ईस्टमन दंत-दवाखान्यात काम करणाऱ्या मायकेल ब्युओनोकोअर यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. निबंध जेमतेम पाच पानांचा, आणि त्याच्या शीर्षकातच ‘साधी पद्धत’ असे शब्द आहेत. कारखान्यांत धातूवर रंग किंवा रेझिनचा थर देण्यापूर्वी तो फॉस्फरिक आम्लाने धुतात, मग रंग पक्का बसतो, हे त्यांना ठाऊक होते. मग दातावर तेच करून पाहिले तर? त्यांनी ८५ टक्के फॉस्फरिक आम्ल दाताच्या वरच्या कवचावर ३० सेकंद लावले, धुतले, कोरडे केले आणि त्यावर अ‍ॅक्रिलिकचा ठिपका बसवला. प्रयोग जिवंत माणसांच्या पुढच्या दातांवर केला. आम्ल न लावलेल्या दातांवरचे ठिपके सरासरी सुमारे ११ तासांत निघून आले. आम्ल लावलेल्या दातांवरचे एक हजाराहून अधिक तास टिकले.

या दोन आकड्यांपुढे आम्ही प्रत्येक वेळी थोडे थांबतो. महागडे यंत्र नाही, नवे रसायन नाही. प्रयोग शाळेच्या पाठ्यपुस्तकात शोभावा असा. आणि असे का होते, हे ब्युओनोकोअर यांना त्या वेळी नक्की सांगता आले नव्हते. आम्लामुळे पृष्ठभागाचे क्षेत्रफळ वाढत असेल, आतले सेंद्रिय जाळे उघडे पडत असेल, जुना निष्क्रिय थर निघून जात असेल, अशा अनेक शक्यता त्यांनी मांडल्या होत्या. उत्तर १९६७-६८ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाने दिले.

दाताचे वरचे कवच, म्हणजे दंतवल्क किंवा इनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज आहे. हे खनिज हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचे, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेटच्याच जातीचे. त्याचे अतिसूक्ष्म स्फटिक जुडग्यांनी रचलेले असतात. एकेक जुडगे सुमारे ५ मायक्रॉन जाडीचे. आम्ल लावले की सगळे स्फटिक सारखे विरघळत नाहीत. कुठे जुडग्याचा गाभा लवकर जातो, कुठे कडा. त्यामुळे गुळगुळीत कवच मधाच्या पोळ्यासारखे होते. पातळ रेझीन या छिद्रांत शिरते आणि तिथेच घट्ट होते. आत हजारो सूक्ष्म खुंट्या तयार होतात. गवंडी काँक्रीटच्या खांबावर गिलावा करण्यापूर्वी छिन्नीने खाचा पाडतो, तसेच हे. फरक इतकाच की इथे खाचा मायक्रॉनच्या मापाच्या आहेत आणि छिन्नी आम्लाची आहे.

आम्लाचे आणखी एक काम डोळ्यांना दिसत नाही. पृष्ठभागाची ऊर्जा वाढते, आणि द्रव त्यावर थेंबाथेंबाने न राहता पसरतो. हे वर्गात दाखवता येते. दोन काचपट्ट्या घ्या, एकीवर तेलाचे बोट फिरवा, दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब सोडा. जो थेंब पसरतच नाही तो चिकटणार कसा?

इतके चांगले फळ देणारी पद्धत लगेच सर्वत्र गेली असेल, असे वाटते. तसे झाले नाही. पंधराएक वर्षे तिच्याकडे फार कोणी लक्ष दिले नाही. ‘दातावर आम्ल’ हे शब्दच दंतवैद्याच्या अंगावर काटा आणणारे होते, हे एक कारण. दुसरे आमच्या मते अधिक खरे. चिकटवायला योग्य पदार्थच नव्हता. तो अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत काम करणाऱ्या राफाएल बोवेन यांनी दिला. बिस-जीएमए नावाचा मोठा रेणू, आणि त्यात सिलिकाची भुकटी. भुकटी रेझीनपासून सुटू नये म्हणून तिच्या कणांवर सिलेनचा लेप. या शोधाचे एकस्व त्यांना १९६२ मध्ये मिळाले. हे मिश्रण अ‍ॅक्रिलिकपेक्षा खूप कमी आकसे. आम्ल आणि बोवेन यांचे रेझीन एकत्र आले तेव्हा गाडी चालू लागली. १९६७ मध्ये क्युएटो आणि ब्युओनोकोअर यांनी मुलांच्या दाढांच्या खोल चिरा किडण्याआधीच रेझीनने बुजवण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. वेडेवाकडे दात सरळ करण्याच्या तारांचे बारीक चौकोन थेट दातावर चिकटवण्याची कल्पनाही त्याच दशकातली. पूर्वी त्यासाठी प्रत्येक दाताला धातूची पट्टी गुंडाळावी लागे. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीच्या दातांवर असे चौकोन दिसले, तर ते आम्लाने पाडलेल्या खाचांवर उभे आहेत हे लक्षात घ्या.

इथवर कवचाची गोष्ट झाली. कवचाखालच्या दंतिनाची गोष्ट अगदी वेगळी, आणि आम्हाला विचाराल तर अधिक रंजक.

दंतिन म्हणजे नुसता दगड नव्हे. वजनाने सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के सेंद्रिय द्रव्य (मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू) आणि १० टक्के पाणी. त्यातून दर चौरस मिलिमीटरला हजारो बारीक नळ्या दाताच्या जिवंत गाभ्यापर्यंत जातात, आणि त्या द्रवाने भरलेल्या असतात. म्हणजे दंतिन वरून कितीही पुसा, आतून ओल येतच राहते. १९५६ मध्ये ब्युओनोकोअर यांनी दंतिनावरही प्रयत्न केला होता. पकड पाण्यात टिकेना.

अडचण पाण्याची होती, तशीच भीतीचीही. दंतिनाला आम्ल लावले तर नळ्यांतून ते गाभ्यापर्यंत जाईल आणि दात मरेल, असे अमेरिकेत व युरोपात पक्के मानले जाई. आम्ल लावण्यापूर्वी दंतिनावर संरक्षक लेप द्यावा, असा दंडक होता. टोकियोच्या वैद्यकीय व दंत विद्यापीठातील ताकाओ फुसायामा यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस हा दंडक मोडला आणि कवच व दंतिन दोन्हींना एकदमच आम्ल लावले. पश्चिमेकडच्या अनेकांनी नाके मुरडली. खरे तर या भीतीला धक्का देणारा प्रयोग आधीच झाला होता. १९६५ मध्ये काकेहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या दाढांना गाभ्यापर्यंत भोके पाडली आणि ती उघडीच ठेवली. साध्या उंदरांचे गाभे सडले. पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या दाढांत अन्न भरले तरी गाभा जगला, आणि भोकावर नवे दंतिनही तयार झाले. म्हणजे गाभा मरतो तो मुख्यतः जंतूंमुळे. जंतूंचा रस्ता बंद करणारे भरण असेल, तर ३० सेकंदांचे आम्ल दात सोसतो. तरीही हे मत सर्वमान्य व्हायला १९९० चे दशक उजाडले.

आता आम्ल लावल्यावर दंतिनाचे काय होते? यासाठी कोंबडीचे पायाचे हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवा, मधून मधून व्हिनेगर बदला. हाड रबरासारखे वाकू लागेल. खनिज गेले, कोलॅजेन उरले. दंतिनाच्या वरच्या काही मायक्रॉनमध्ये हेच घडते. त्याच विद्यापीठातील नोबुओ नाकाबायाशी हे रसायनतज्ज्ञ. त्यांनी १९८२ मध्ये दाखवले की योग्य रेणू वापरला तर तो या उघड्या तंतूंच्या जाळ्यात मुरतो आणि तिथेच घट्ट होतो. नमुना कापून आम्लात टाकला तर उरलेले दंतिन विरघळले, पण रेझीन मुरलेला थर तसाच राहिला. धड दात नाही, धड प्लास्टिक नाही. म्हणून त्याला ‘संकरित थर’ असे नाव पडले.

मात्र आम्ल धुतल्यावर दंतिन हवेने खडखडीत वाळवले, तर पकड बिघडे. चिकटवण्याच्या सगळ्या नियमांविरुद्ध! रंगाचा कुंचला पाण्यात बुडवा, केस मोकळे तरंगतात. बाहेर काढा, केस एकमेकांना घट्ट बिलगतात. तंतूंचेही तसेच होते. पाणी उडून जाऊ लागले की तंतूंचे जाळे खाली बसते आणि रेझीनला शिरायला जागाच राहत नाही. १९९२ च्या सुमारास जॉन कॅन्का आणि इतरांनी दंतिन किंचित ओले ठेवूनच रेझीन लावावे, असे दाखवून दिले. किती ओले, हा प्रश्न मात्र दंतवैद्याच्या हातावर सोडावा लागला. पुढे जपानी रसायनतज्ज्ञांनी आम्लधर्मी रेणूच रेझीनमध्ये घातले. जेवढे खनिज विरघळते तेवढ्याच खोलीत रेझीन जाते, आणि धुण्या-वाळवण्याची भानगडच नाही. त्यांतला १०-एमडीपी हा रेणू कॅल्शियमशी खरा रासायनिक बंधही करतो.

रासायनिक बंधाचा आणखी एक मार्ग लंडनमध्ये विल्सन आणि केंट यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केला होता. काचेची भुकटी आणि बहुआम्ल यांचे सिमेंट. त्याची ताकद कमी, पण ते ओल्या दातालाही चिकटते आणि फ्लुओराइड सोडते. वीज नसलेल्या खेड्यांत, यंत्राऐवजी हातातल्या हत्याराने कीड काढून हे सिमेंट भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात टांझानियात सुरू झाली. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती उचलून धरली.

दंतिनावरची पकड अजून कवचाइतकी भरवशाची नाही. २००४ मध्ये पॅशली आणि सहकाऱ्यांनी दाखवले की रेझीन नीट न पोहोचलेले तंतू दंतिनातलीच विकरे हळूहळू तोडतात. कोणताही जंतू नसताना! दात बनताना आत राहून गेलेली ही विकरे आम्लाने पुन्हा जागी होतात. त्यांना आवर घालण्याचे उपाय शोधणे चालू आहे.

शिबिरातल्या बाईंनी जाता जाता दुसरा प्रश्न विचारला होता, “मग मुलाचे भरण किती वर्षे टिकेल?” आम्ही म्हटले, “खळग्याची कड सगळीकडे कवचावर आहे की कुठे दंतिनावर उतरली आहे, हे डॉक्टरांना विचारा. पहिले असेल तर फार काळजी करू नका.” त्यांनी हा प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला.