गडावरील केर

आमच्या परिचयाच्या एका निवृत्त ग्रंथपालांस तरुणांनीं काय वाचावें असें विचारिलें, कीं ते रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'चें नांव घेतात. १७१५ च्या सुमाराचा हा राजनीतीचा ग्रंथ नित्याच्या कामाविषयीं काय शिकविणार, अशी आम्हांस शंका होती. तो बरोबर घेऊन पालीकडून राजगड चढलों, तेव्हां ती फिटली. गडावरील केर खालीं न लोटतां जागोजाग जाळावा आणि ती राख परसांत घालून घरोघरीं भाजीपाला करावा, असें त्यांत सांगितलें आहे. शिवछत्रपतींपासून कोल्हापूरच्या संभाजीराजांपर्यंत सेवा केलेल्या मुत्सद्द्यास केराचा विचार क्षुद्र वाटला नाहीं. आम्ही शिक्षक मात्र लढायांच्या सनावळ्या पाठ करवितों. राज्य ज्या रोजच्या नेटकेपणावर टिकतें, तो सांगावयाचा विसरतों. पाली दरवाजांतून आंत शिरतांना ही चूक मनास फार लागली.