फायलोबेट्स

'''फायलोबेट्स''' ही डेंड्रोबेटिडी कुलातील लहान, भडक रंगाच्या विषारी बेडकांची प्रजाती आहे. मध्य अमेरिकेतील निकाराग्वापासून दक्षिण अमेरिकेतील कोलंबियापर्यंतच्या वर्षावनांत हे बेडूक आढळतात. द्युमेरिल व बिब्राँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञांनी १८४१ साली ही प्रजाती स्थापन केली.

== वर्णन ==
फायलोबेट्स टेरिबिलिस ही सर्वांत मोठी जाती सुमारे ५ सेंमी. लांब असून पिवळ्या, नारिंगी किंवा फिकट हिरव्या रंगाची असते. फा. बायकलर पिवळा वा नारिंगी असून त्याचे पाय गडद असतात. फा. ऑरोटेनिया, फा. व्हिटॅटस व फा. ल्युगुब्रिस यांच्या काळ्या पाठीच्या दोन्ही बाजूंस उजळ पट्टे असतात. हे बेडूक दिवसा जमिनीवर वावरतात आणि मुंग्यांसारखे लहान कीटक खातात. त्यांचे रंग भक्षकांना धोक्याची सूचना देतात.

== प्रजनन ==
मादी जमिनीवरील ओलसर पालापाचोळ्यात अंडी घालते. अंड्यांतून बाहेर पडलेले भैकेर नर आपल्या पाठीवरून पाण्यापर्यंत नेतो.

== विष ==
या बेडकांच्या त्वचेत बॅट्राकोटॉक्सिन हे अत्यंत प्रभावी विष असते. त्यामुळे चेतापेशी व स्नायू यांतील सोडियम वाहिन्या उघड्याच राहतात, स्नायू लुळे पडतात आणि हृदयक्रिया बंद पडू शकते. कोलंबियातील एंबेरा लोक फुंकनळीच्या बाणांना हे विष लावीत. टेरिबिलिसच्या बाबतीत बाणाचे टोक जिवंत बेडकाच्या पाठीवर घासणे पुरेसे होई. या जातीचे शास्त्रीय वर्णन मायर्स, डेली व मॉल्किन यांनी १९७८ साली प्रसिद्ध केले.

बंदिवासात जन्मलेल्या बेडकांत मात्र हे विष आढळत नाही. यावरून बेडूक ते स्वतः तयार करीत नसून वनातील आहारातून मिळवतात, असे मानले जाते.

== संवर्धन ==
टेरिबिलिसचा अधिवास कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या छोट्या पट्ट्यापुरता मर्यादित आहे. जंगलतोडीमुळे हा अधिवास घटत असून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातीची नोंद संकटग्रस्त म्हणून केली आहे. बंदिवासात तिची पैदास करता येते. परंतु तेथे वाढलेला बेडूक निर्विष असतो. त्यामुळे ही जाती तिच्या मूळ गुणधर्मांसह टिकवायची असेल, तर तिचे वर्षावनही राखणे आवश्यक ठरते.