कार्बोरेटरमधला पडदा

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन-मुरूड पट्ट्यातली झाडं रस्त्यांवर, घरांवर आडवी झाली. अशा वेळी वाट मोकळी करायला चेन-सॉ लागते. गावाकडे तिला नुसतं 'कटर' म्हणतात. एरवी महिनोन् महिने कोपऱ्यात पडून असलेलं हे यंत्र गरजेच्या दिवशी दोरी कितीही ओढली तरी उठत नाही. ही तक्रार जुनीच आहे. तिचं कारण मात्र यंत्राबरोबर बदलत गेलं, आणि त्या बदलातच चेन-सॉचा खरा इतिहास सापडतो.

जर्मनीत थुरिंगियातल्या डोल्मार डोंगरावर एमिल लेर्प यांनी 1927 मध्ये पेट्रोलवर चालणारी करवत चालवून पाहिली. तिचं वजन 58 किलो होतं. दोन वर्षांनी आलेलं आंद्रेआस श्टील यांचं यंत्र 46 किलोंचं. दोन्ही यंत्रं दोघांनी दोन टोकांना धरून चालवायची. त्या काळच्या कार्बोरेटरमध्ये एक वाटी आणि तिच्यात तरंगणारा फ्लोट असे. वाटी कलंडली की पेट्रोलचा हिशेब बिघडायचा. म्हणून आडवा काप घेताना इंजिन उभंच ठेवून फक्त पातं वळवण्याची सोय केलेली असे. असं यंत्र बरेच दिवस पडून राहिलं की वाटीतलं पेट्रोल उडून तळाशी चिकटा राही आणि मॅग्नेटोचे पॉइंट गंजून ठिणगी बंद पडे. वाटी धुतली, पॉइंट घासले की काम होई. दोष डोळ्यांना दिसणारा होता.

चेन-सॉची गोष्ट निघाली की अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स यांचं नाव हमखास येतं. लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून त्यांनी 1946 मध्ये साखळीच्या दातांचा आकार बदलला. तो शोध मोठा आहेच, पण जंगलात माणसाला मोकळं केलं ते दुसऱ्याच, कमी बोलल्या गेलेल्या भागाने: कार्बोरेटरमधल्या पातळ, लवचीक पडद्याने.

या डायफ्रॅम कार्बोरेटरमध्ये तरंगणारं काहीच नाही. इंजिनातल्या दाबाच्या चढउतारावर एक पडदा पंपासारखा हलतो आणि टाकीतलं पेट्रोल खेचतो. दुसरा पडदा सुईसारखी झडप उघडून ते मापाने आत सोडतो. करवत आडवी धरा, उलटी धरा, पुरवठा चालूच. श्टीलच्या 1959 च्या 'कॉन्ट्रा'मध्ये असा कार्बोरेटर होता. वजन सुमारे 12 किलो आणि चालवायला एक माणूस पुरे. पुढे 1970 च्या दशकात इलेक्ट्रॉनिक इग्निशन रुळलं आणि पॉइंट घासण्याचं कामही संपत गेलं.

दोष मग लोखंडातून पडद्यात गेला. पेट्रोल शिळं झालं की त्याचा डिंकासारखा थर सुईची झडप चिकटवतो. पडदा कडक होतो, आणि कडक पडदा पेट्रोल खेचत नाही.

भारतात यात इथेनॉलची भर पडली. 2025 मध्ये देशात पेट्रोलमधलं त्याचं प्रमाण 20 टक्क्यांवर पोहोचलं, तर अशा यंत्रांच्या अनेक माहितीपुस्तिका 10 टक्क्यांपर्यंतच मुभा देतात. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. ओल फार झाली की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो आणि इंजिनाच्या वंगणासाठी पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल वरच्या थरातच राहतं. करवत कशीही धरली तरी पेट्रोल मिळावं म्हणून टाकीतल्या नळीच्या टोकाला जड फिल्टर असतो. तोही तळाशीच असल्यामुळे आधी खेचला जातो तो हाच ऑइल नसलेला थर. कोकणच्या दमट पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी ठेवणं म्हणूनच धोक्याचं.

न उठणाऱ्या कटरची तपासणी म्हणून पुढच्या क्रमाने करावी. आधी जुनं पेट्रोल पूर्ण काढून ताजं मिश्रण भरायचं, मग प्लग खोलून पाहायचा. तो ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय किंवा ठिणगी नाही. कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचतच नाही. कोरड्या प्लगच्या भोकात ताज्या मिश्रणाचे दोन-चार थेंब टाकून, सांडलेलं पुसून, प्लग बसवून दोरी ओढायची. इंजिन क्षणभर धडधडून बंद पडलं, तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन दोन्ही शाबूत आहेत. मग फिल्टर आणि तडकलेली नळी पाहायची; तीही ठीक असतील तर कार्बोरेटर उघडून पडदे आणि गॅस्केटचा नवा संच बसवायचा.