कल्याणचा आचार आणि उळवीची वाट

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, काळी नदीच्या खोऱ्यातील गर्द अरण्यात, उळवी हे क्षेत्र आहे. पूर्वी हा तालुका सुप्याच्या नावाने ओळखला जाई. सुपे गाव धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तालुक्याची कचेरी जोयड्यास आली. उळवीस चन्नबसवण्णांचे समाधिस्थान आहे. माघी पौर्णिमेच्या सुमारास तेथे जत्रा भरते व धारवाड-बेळगावकडील शेतकरी आजही बैलगाड्या सजवून रानवाटेने तेथे येतात. त्या बाजूच्या कोकणी-मराठी बोलणाऱ्या आपल्या लोकांना उळवी ठाऊक आहे ती या जत्रेमुळे. परंतु ज्यांच्या नावाने ती भरते ते चन्नबसवण्णा राजे नव्हते, आणि चमत्कार करणारे सिद्ध म्हणूनही त्यांची मुख्य ख्याती नाही. परंपरा त्यांना 'अविरळज्ञानी' म्हणते. ते आचाराचे शास्त्रकार होते. असा पुरुष या अरण्यात येऊन का विसावला, हा प्रश्न इतिहासाचा आहे तसाच धर्मविचाराचाही आहे.

पाश्चात्त्य धर्मपंडित ज्याला 'मॉरल थिऑलॉजी' म्हणतात त्याला मराठीत नेमका शब्द नाही. 'नीतिशास्त्र' म्हणावे तर त्यातून ईश्वर निसटतो. 'ब्रह्मविद्या' म्हणावे तर त्यातून रोजचे वागणे निसटते. ईश्वराविषयीच्या श्रद्धेतून मनुष्याच्या कर्तव्याकर्तव्याचा निर्णय कसा निघतो, हे सांगणारे ते शास्त्र होय. ख्रिस्ती पंथात त्याला स्वतंत्र रूप आले ते पापनिवेदनाच्या गरजेतून. १२१५ च्या लातेरान परिषदेने प्रत्येक ख्रिस्ती माणसास वर्षातून एकदा पापनिवेदन बंधनकारक केले. पुढे सोळाव्या शतकात त्रेंतच्या परिषदेने प्रत्येक महापातक प्रकार व संख्येसह सांगितले पाहिजे असे ठरविले. कोकणीत ज्याला 'कुमसार' म्हणतात त्याच्या आसनावर बसणाऱ्या पाद्रीला मग पापांची वर्गवारी, हेतूचे तारतम्य, संशयाच्या प्रसंगी कोणते मत ग्राह्य धरावे, हे सारे शिकणे भाग पडले. गोमंतकात हे शास्त्र जेझुइटांबरोबर आले. सासष्टीतील राशोल येथून १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी क्रिस्तपुराण निघाले आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, त्यांचीच गुरुशिष्यसंवादाच्या रूपातील कोकणी धर्मप्रश्नोत्तरी छापली गेली. आपल्या दोन्ही भाषांत ख्रिस्ती कर्तव्यविचार इतक्या लवकर उतरला, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही.

मात्र असा विचार आपल्याकडे नव्हता असे कोणी समजू नये. राशोलच्या छापखान्यापूर्वी पाचशे वर्षे, आज बिदर जिल्ह्यात असलेल्या कल्याण नगरात, चालुक्य नृपती सहावा विक्रमादित्य (१०७६-११२६) राज्य करीत असता विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. ग्रंथाच्या अखेरीस तो कल्याण नगराचे आणि आपल्या राजाचे मोठ्या अभिमानाने गुणगान करतो. आपल्या वारसाहक्काचा कायदा या टीकेवर शतकानुशतके उभा होता म्हणून वकील मंडळी तिला ओळखतात. परंतु ती केवळ वाटणीची पोथी नव्हे. तिचे तीन अध्याय आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त या नावांचे आहेत, आणि या तीन शब्दांतच आमच्या जुन्या कर्तव्यविचाराची सारी इमारत सामावली आहे.

त्या इमारतीतील दोन दालने येथे पाहिली पाहिजेत. पहिले विवेकाचे. याज्ञवल्क्याने धर्माची मुळे सांगताना श्रुती, स्मृती व सदाचार यांच्या जोडीला स्वतःच्या अंतःकरणास जे प्रिय वाटते त्याचीही गणना केली आहे. आधुनिक वाचकास वाटेल की येथे मनुष्याच्या अंतरात्म्याला सिंहासन मिळाले. विज्ञानेश्वर मात्र त्या सिंहासनाची मर्यादा आखतो. जेथे शास्त्राने दोन पर्याय खुले ठेवले आहेत तेथेच स्वतःची आवड निर्णायक, असे तो म्हणतो आणि उदाहरण देतो मुंजीच्या वर्षाचे : गर्भापासून आठवे घ्यावे की जन्मापासून आठवे! विवेकाची मर्यादा याहून आखूड कोणी केली असेल असे वाटत नाही. तथापि तोच विज्ञानेश्वर, जे शास्त्रोक्त असूनही लोकांना तिटकारा आणणारे झाले आहे ते आचरू नये, हे स्मृतिवचन हाती घेऊन भावाभावांतील असमान वाटणीसारख्या जुन्या चालींना रजा देतो. म्हणजे एकट्याच्या अंतःकरणाला जे स्वातंत्र्य तो देत नाही ते समाजाच्या अंतःकरणाला देतो. हा भेद महत्त्वाचा आहे.

दुसरे दालन प्रायश्चित्ताचे. न कळत घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते. पण जाणूनबुजून केलेल्याचे काय? विज्ञानेश्वर सांगतो की पापाच्या शक्ती दोन : एक नरकास नेणारी, दुसरी समाजव्यवहार रोखणारी. बुद्धिपुरस्सर पाप करणाऱ्याची पहिली शक्ती प्रायश्चित्ताने नष्ट झाली नाही तरी दुसरी होऊ शकते. तो मनुष्य पुन्हा पंक्तीस बसण्यास योग्य होतो. देवाकडचा हिशेब निराळा आणि ज्ञातीकडचा निराळा, ही सूक्ष्म दृष्टी कुमसाराच्या शास्त्रकारांनाही विचार करावयास लावील अशी आहे. परंतु आपल्या इतिहासात पुढे काय झाले? ग्रामण्ये झाली, परदेशगमनाचे वाद झाले, मठांकडे आज्ञापत्रांसाठी धावाधाव झाली; त्या साऱ्यात दुसऱ्या शक्तीचीच चर्चा ऐकू येते. पंक्तीचा प्रश्न सुटला की पापाचा प्रश्न सुटला, असे आपण धरून चाललो. हा दोष विज्ञानेश्वराचा नव्हे, आपला आहे.

आता त्याच कल्याणात, विक्रमादित्याच्या मृत्यूला अर्धशतकही उलटले नसता, काय घडले ते पाहू. चालुक्यांची सत्ता कलचुरी बिज्जळाकडे गेली होती. बिज्जळ मूळचा मंगळवेढ्याचा मांडलिक; बसवण्णा प्रथम तेथे व नंतर कल्याणास त्याच्या सेवेत होते. त्यांच्याभोवती जमलेल्या शरणांत न्हावी, परीट, चांभार, कोळी, नावाडी होते, ब्राह्मणही होते, स्त्रियाही होत्या. ज्याने इष्टलिंग धारण केले त्याची पूर्वीची जात संपली, असे ते मानीत. हरळय्या हे जातीने समगार, म्हणजे चांभार; मधुवरस हे ब्राह्मण मंत्री. दोघेही शरण. हरळय्यांच्या पुत्राशी मधुवरसांच्या कन्येचा विवाह झाला. स्मृतीच्या दृष्टीने हा प्रतिलोम संबंध, अधर्म्य. शरणांच्या दृष्टीने दोन्ही घरे शिवभक्तांची, तेव्हा प्रतिलोम कुठला नि अनुलोम कुठला? बिज्जळाने दोन्ही पित्यांना क्रूर रीतीने ठार मारविले, असे परंपरा सांगते.

कोरीव लेखांत या विवाहाचा उल्लेख नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. ही हकीकत पुढील पुराणांतून व चरित्रांतून आलेली आहे. हुक्केरी तालुक्यातील अर्जुनवाडचा १२६० चा शिलालेख बसवण्णांचा निर्देश करतो. भीमकवीचे कन्नड बसवपुराण १३६९ चे. विरूपाक्ष पंडिताचे चन्नबसवपुराण तर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील. तथापि ११६७ च्या सुमारास बिज्जळाची कारकीर्द संपली आणि कल्याणातील शरणसमुदाय विखुरला, एवढे मान्य होण्यासारखे आहे. आणि कथा जशी आली तशी घेतली तरी एक गोष्ट लक्षात येते. मिताक्षरेतील व्यवहाराला चार पाद आहेत : फिर्याद, उत्तर, पुरावा, निर्णय. हरळय्या-मधुवरसांच्या कथेत यांपैकी एकही पाद दिसत नाही. धर्मशास्त्राच्या नावाने जी शिक्षा झाली ती धर्मशास्त्राच्याही कसोटीला उतरत नाही.

चन्नबसवण्णा हे बसवण्णांच्या भगिनी अक्कनागम्मा यांचे पुत्र. अल्लमप्रभूंनंतर अनुभवमंटपाचे शून्यसिंहासन त्यांच्याकडे आले आणि पंचविशीच्या आतबाहेर त्यांचे आयुष्य संपले, असे सांगतात. बसवण्णांच्या वचनांत जो विचार उमाळ्याने येतो त्याला चन्नबसवण्णांनी चौकट दिली. भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण, ऐक्य ही षट्स्थले. गुरू, लिंग, जंगम आदी अष्टावरणे. आणि लिंगाचार, सदाचार, शिवाचार, गणाचार, भृत्याचार हे पाच आचार. त्यांच्या परंपरेत असे म्हणतात की अष्टावरण हे अंग, पंचाचार हा प्राण आणि षट्स्थल हा आत्मा. विज्ञानेश्वराच्या पहिल्या अध्यायाचे नाव जे, तेच येथे प्राणाचे नाव. शब्द एकच, पण अर्थ पालटला आहे. स्मृतीचा आचार वर्ण व आश्रम पाहून सुरू होतो, शरणांचा आचार दीक्षेपासून सुरू होतो. याज्ञवल्क्याचा तिसरा अध्याय अशौचाने, म्हणजे जन्ममृत्यूच्या विटाळाने आरंभ होतो. शरण म्हणतात की लिंगधारकाला जनन, मरण, रज, उच्छिष्ट व जाती ही पाचही सूतके नाहीत.

मग शुद्धाशुद्ध असे काही उरतच नाही काय? उरते, आणि ते फार कडक आहे. प्रसादी या तिसऱ्या स्थलाचा विचार केला म्हणजे हे कळते. जे काही खावयाचे, ल्यावयाचे, भोगावयाचे, ते आधी लिंगाला अर्पण करावयाचे आणि नंतर प्रसाद म्हणून घ्यावयाचे. आता चोरीचा, लाचेचा, दुसऱ्याच्या घामाचा पैसा लिंगाला कसा अर्पिणार? आणि अर्पिता येत नाही ते खाणार कसे? म्हणून सदाचारात कायक आले, स्वतःच्या कष्टाची कमाई. आणि त्यातून उरेल त्याचा दासोह, म्हणजे समुदायाला समर्पण. अन्न कोणी शिजविले, कोणी शिवले, हा प्रश्न मागे पडून ते कोणत्या पैशाने आले हा प्रश्न पुढे आला. विटाळ हातावरून उचलून कमाईवर नेऊन ठेवला, असे म्हटले तरी चालेल. उपासनेच्या एका साध्या नियमातून संपूर्ण अर्थव्यवहाराची नीती निघते, याचे इतके स्वच्छ उदाहरण माझ्या वाचनात दुसरे नाही.

ही कल्पना स्मृतीला सर्वस्वी परकी आहे असे मात्र नाही. न्यायाने धन मिळविणारा, तत्त्वज्ञाननिष्ठ, अतिथिप्रिय गृहस्थ संन्यासावाचूनही मुक्त होतो, असे याज्ञवल्क्य यतिधर्माच्या प्रकरणात सांगतो. दानाचे द्रव्य न्यायार्जित असावे, हे तर निबंधकारांचे नेहमीचे म्हणणे. पण आपल्या देवस्थानांच्या वहिवाटीत मानपान कोणाचा, पालखीला खांदा कोणाचा, गाभाऱ्याच्या उंबऱ्याआत कोणी यावे, यांवर जितके खटले झाले त्याच्या शतांश तरी चर्चा फंडपेटीतील द्रव्य कोणत्या वाटेने आले यावर झाली आहे काय, हे महाजनांनी आपल्या दप्तरांत शोधून पाहावे.

हा विचार मराठीत आलेला नाही असेही नव्हे. बीड जिल्ह्यातील कपिलधारचे मन्मथस्वामी यांनी परमरहस्य हा ग्रंथ मराठी ओवीत रचला. षट्स्थलाचा विचार त्यात आपल्या भाषेत वाचावयास मिळतो. मराठवाड्यातील लिंगायत घरांतून त्याचे पारायण चालते. कोकण-गोमंतकातील वाचकांना मात्र हा ग्रंथ जवळजवळ अपरिचित आहे.

पाच आचारांतील चौथा, गणाचार, यावर थोडे थांबले पाहिजे; कारण उळवीचा रस्ता तेथून जातो. आपल्या मार्गाची निंदा ऐकून घेऊ नये, समुदायावरील अन्याय मुकाट्याने सोसू नये, हा गणाचार. पाचवा भृत्याचार : सर्वांचा सेवक होऊन राहावे, नम्र असावे. हे दोन शेजारी ठेवताना शास्त्रकाराला त्यांतील ताण जाणवला नसेल असे म्हणवत नाही. हरळय्या-मधुवरसांच्या वधानंतर जगदेव, मल्लय्या व बोम्मय्या यांनी बिज्जळाचा वध केला, असे पुराण सांगते. बसवण्णांनी कल्याण सोडून कूडलसंगमाची वाट धरली. भाच्याच्या वाट्याला दुसरी वाट आली. अक्कनागम्मांसह चन्नबसवण्णा शरणांचा जथा घेऊन पश्चिमेकडे निघाले. पाठीवर राजाची सेना होती आणि वाटेत तिच्याशी ठिकठिकाणी झुंजावे लागले. ज्यांनी भृत्याचार शिकविला त्यांनी शस्त्र धरले. ख्रिस्ती शास्त्रकार याला न्याय्य युद्धाचा प्रश्न म्हणतील, स्मृतिकार आततायीचा. शरणांनी तो वचनांत सोडविला की नाही यापेक्षा त्यांना तो रस्त्यावर सोडवावा लागला, हे खरे.

आपल्या वाचकांना येथे दुसरी एक वाट आठवेल. १५६० मध्ये कुशस्थळीचा मंगेश रातोरात झुआरी ओलांडून प्रियोळास आला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. आपल्या पूर्वजांनी मूर्ती उचलून नेल्या, कारण त्यांचा देव मंदिरात होता. शरणांचा देव गळ्यातच होता. त्यांनी उचलून नेली ती वचनांची ताडपत्रे. उळवीच्या परिसरात अक्कनागम्मांच्या नावाची गुहा दाखवितात, आणि 'विभूती कणज' म्हणून एक जागा, जिच्यातील पांढरी माती भाविक भस्म म्हणून घरी नेतात. जत्रेच्या दिवसांत दूरच्या गावांहून आलेले धान्य तेथे शिजते व दासोह चालतो. गाडीवानांच्या शेजारी पानावर जोयड्याचे कुणबीही बसलेले असतात.